कुरडईचा वास

गहू भिजत घालून तिसरा दिवस उजाडला, की रमाबाईंच्या घराचा जिना नाक धरूनच चढावा लागे. आंबलेल्या गव्हाचा वास तो. त्याला कुणी लाडानंसुद्धा सुवास म्हणणार नाही. रमाबाई मात्र सकाळी उठून आधी गच्चीवर जात, पिंपावरचं फडकं बाजूला करत आणि तो वास छातीभर ओढून घेत. फार आंबट आला तर पाणी बदलायला उशीर झाला, कमी आला तर गहू अजून कोवळा. त्या सकाळी वास नेमका होता. त्यांनी एक दाणा चिमटीत धरून दाबला. पांढरं दूध बोटावर आलं.

"झाला गं गहू," त्यांनी खाली सुनेला हाक मारली. "भावना, आज वाटून टाकू. उद्या सकाळी चीक शिजवून घाटा."

मे महिना होता. फरीदाबादची लू सकाळपासूनच अंगाला झोंबायला लागे आणि गच्चीची फरशी तळव्यांना चटके देई. गल्लीतली माणसं उन्हाला शिव्या घालत दारंखिडक्या लावून बसत. रमाबाई तेवढ्या त्याच्यावर खूश असत. माहेरचं वाशीमकडचं ऊन त्यांनी सोसलेलं होतं, आणि इकडचं ऊन त्याच्या तोडीचं आहे, एवढं एकच कौतुक त्या या मुलखाचं करत.

त्यांचे यजमान सुखदेव केंद्र सरकारच्या नोकरीत होते. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये हयात काढली आणि निवृत्तीनंतर इथं हे खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या असं घर बांधलं. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची. मुलगा अतुल, सून भावना आणि सहा वर्षांची नात समता. क्वार्टरमध्ये असताना रमाबाई हौसेनं शेजारच्या मराठी बायकांना कुरडया, सांडगे, पापड करून देत. दिवाळीनंतर अतुलची कारखान्यातली नोकरी गेली आणि हौसेचा धंदा झाला. या उन्हाळ्यात लक्ष्मीबाई नगरच्या अलकनंदाबाईंनी मोठी मागणी दिली होती आणि वर फोनवर म्हणाल्या होत्या, "रमाबाई, हा माल नीट उतरला ना, तर पुढच्या वर्षीपासून आपल्या सगळ्या ग्रुपचं वाळवण तुमच्याकडे. बिल्कुल पक्कं."

आयुष्यभर 'सुखदेवची बायको' म्हणून ओळखल्या गेलेल्या बाईला कुणी पहिल्यांदाच 'तुमच्याकडे' म्हणत होतं. रमाबाईंनी ते कुणाला बोलून दाखवलं नाही. पण या शेवटच्या घाण्यावर त्यांचा सगळा जीव होता.

अडचण खांद्याची होती. उजवा खांदा थंडीपासून धरलेला. सोऱ्याची मूठ फिरवायला गेलं की डोळ्यांपुढं काजवे चमकत. म्हणून यंदा त्यांनी मदतीला दोघी ठेवल्या होत्या. नाल्यापलीकडच्या झोपड्यांतली अनोवारा आणि तिची सून शेफाली. मूळच्या कूचबिहारच्या, धर्मानं मुसलमान. पहिल्या दिवशी अनोवाराला डाळीचे सांडगे घालायला बसवलं, तर ती तोंडावर पदर घेऊन हसायलाच लागली. "दीदी, ये तो हमारा बोड़ी है! ये सिखाने को बुलाया हमको?" आणि रमाबाईंचा एक सांडगा होईस्तोवर तिचे चार पडले. त्या दिवसापासून दोघींचं जमलं. अनोवारा कामाला वाघीण होती आणि बोलायला फटकळ. रमाबाईंना दोन्ही आवडत.

त्या सकाळी मात्र ऊन वर आलं तरी अनोवाराचा पत्ता नव्हता.

"आई, फोन उचलत नाहीये," भावना म्हणाली.

"येईल. नाला ओलांडून यायचं म्हणजे वेळ लागतोच."

खाली पलंगावर अतुल मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसला होता. त्यानं मान वर केली नाही. त्याला कारण माहीत होतं.

अतुलचं दुखणं वेगळं होतं. आठ वर्षं तो एका पंख्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होता. मग ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदारानं जुनी माणसं काढली आणि निम्म्या पगारात नवी भरली. नवी म्हणजे कुठली? तर बंगालकडची, नाल्यापलीकडची. ठेकेदार अतुलला कधी दिसला नाही. तो गाडीतून येई, गाडीतून जाई. दिसली ती रोज सकाळी डबे घेऊन कारखान्याच्या फाटकातून आत जाणारी माणसं. आणि जो दिसतो त्याच्यावरच राग निघतो. वड्याचं तेल वांग्यावर काढायची आपली रीत जुनीच आहे.

त्यातून गल्लीत वारं फिरलं होतं. बाहेरचे लोक वाढले, बांगलादेशी घुसले, काम खाल्लं, उद्या घरं खातील. रोज मोबाईलवर काहीतरी येई. रविवारी संध्याकाळी गल्लीच्या कमिटीची मीटिंग झाली. प्रधान सतीश छाबडा, रमाबाईंच्या भिंतीला भिंत लावून राहणारे, ते उभे राहून म्हणाले, "कल से नाले पार वालों की एंट्री बंद. जिसको मंज़ूर है, हाथ उठाए." हात वर गेले. त्यात अतुलचाही होता. आपल्या आईच्या गच्चीवर नाल्यापलीकडच्याच दोघी सोऱ्या फिरवतात, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण चारचौघांचे हात वर जाताना आपला एकट्याचा खाली ठेवायला छाती लागते, आणि त्या दिवशी ती त्याच्याकडे नव्हती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो असा चांगल्या घरातलाच निघतो.

शेवटी वाट बघणं सोडून रमाबाईंनी पदर खोचला. तयार झालेला गहू थांबत नाही. मिक्सर तापून बंद पडे, तो गार होईपर्यंत भावना पाट्यावर वाटी. रमाबाई डाव्या हातानं लगदा पाण्यात कुस्करत, चोथा पिळून काढत. सुखदेव धोतराचं जुनं पान पातेल्यावर ताणून धरत आणि चीक गाळला जाई. घामानं तिघांची अंगं निथळत होती. ऊन लागू नये म्हणून रमाबाईंनी आणि भावनानं डोकं-तोंड ओढणीनं घट्ट बांधून घेतलं होतं, नुसते डोळे दिसत. समता जिन्यातून वर-खाली करत आजोबांना हाका मारत होती.

"आबा! आबा, पाणी आणू? आबा, मी पण पिळू? आबाऽऽ!"

"नको गं बाळा, पाय भाजतील. खाली जा."

दुपार कलली तेव्हा चोथ्याचा डोंगर एका बाजूला आणि पांढराशुभ्र चीक मोठ्या पातेल्यांत एका बाजूला, असं झालं. रमाबाईंना हात वर उचलवेना. भावनानं त्यांच्या खांद्याला तेल चोळलं. चोळताना तिच्याही बोटांची सालं निघालेली दिसली.

सुखदेव संध्याकाळी दूध आणायला गेले आणि रिकामं भांडं घेऊन परत आले.

"अहो, दूध?"

"नाही आणलं." ते खुर्चीत बसले. "रांगेत उभा होतो. मागचा एक जण म्हणाला, बाबा, आप असल में कहाँ के हो? मी म्हटलं, महाराष्ट्र. तर म्हणतो, आजकल सब यही बोलते हैं. आधार दिखाओ. आणि रांगेतलं कुणी काही बोललं नाही गं. रोजची माणसं. दूधवालासुद्धा माझ्याकडे बघत राहिला."

अतुल उठून उभा राहिला. त्यानं मोबाईल आईपुढं धरला.

गल्लीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता. समोरच्या इमारतीतल्या कुणा नव्या भाडेकरूनं वरून काढलेला. गच्चीवर तोंडं बांधलेल्या बायका, पिंपं, पातेल्यांत पांढरं पांढरं काहीतरी, आणि समताचा आवाज: आबा, आबा. खाली लिहिलं होतं, 'हमारी ही गली की छत पर बांग्लादेशी केमिकल पनीर बना रहे हैं. बदबू से रहना मुश्किल. बच्ची अब्बा-अब्बा चिल्ला रही है, अपने कान से सुना.' त्याखाली संतापाची रांग लागली होती. छाबडांनी लिहिलं होतं, 'सुबह सात बजे कमिटी जाकर चेक करेगी.'

रमाबाईंना आधी काही उमगलंच नाही. मग त्यांनी परत बघितलं. "ही मी आहे," त्या म्हणाल्या. "अरे, ही तर मी आहे! आबाचं अब्बा झालं होय?" आणि त्यांना हसू फुटलं. पण नवऱ्याच्या हातातलं रिकामं भांडं दिसलं आणि ते हसू जागच्या जागी विरलं.

"तू लिहिलंस का काही, की ही माझी आई आहे?"

"लिहिलं. म्हणाले, मग बाहेरच्यांना घरात का घेता? पहिले क्यों नहीं बताया?" अतुल जरा थांबला. मग खाली बघत म्हणाला, "आई, अनोवारा आली नाही, कारण गार्डनं तिला सकाळी गेटवर अडवलं. रविवारी ठरलं तसं. मी पण हात वर केला होता."

भावनानं नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या. सुखदेवांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

रमाबाईंना राग आला होता. कानशिलं तापली होती. पण बोलून चिकाच्या कुरडया होणार नव्हत्या.

"उद्या उजाडताच वरचं पाणी ओतून घाटा शिजवायचा," त्या म्हणाल्या. "एक दिवस उशीर झाला तर हा सगळा चीक आंबून नाल्यात जाईल, आणि माझं वर्षही त्याच्याबरोबर जाईल. मला हात पाहिजेत. अनोवाराला आणणं तुझं काम. कसं आणायचं ते तू बघ."

पहाटे अतुल नाल्यावरच्या फळकुटावरून पलीकडे गेला. या बाजूला तो कधी आलाच नव्हता. दोन म्हशी डबक्यात बसल्या होत्या. पत्र्याच्या आणि ताडपत्रीच्या झोपड्या, पण प्रत्येकीपुढं सारवलेलं अंगण. अनोवारा चुलीपुढं बसून भात उकळत होती. तिनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि चुलीत काटकी सारली.

"आंटी, माँ ने बुलाया है."

"माँ ने बुलाया, और बेटे ने रोका," अनोवारा म्हणाली. "गार्ड ने बता दिया हमको, किसका-किसका हाथ उठा था. एक-एक का नाम."

मागं तिचा नवरा बाजेवर बसून बिडी ओढत होता. अतुलनं त्याला ओळखलं. हाच माणूस. हाच डबा घेऊन कारखान्याच्या फाटकातून आत जायचा.

"आप आज काम पे नहीं गये?" काहीतरी बोलायचं म्हणून अतुलनं विचारलं.

"काम?" तो माणूस हसला. "होली के पहले निकाल दिया. अब किसी और को लाया है ठेकेदार, हमसे भी सस्ता. आप भी उधर थे ना? पॅकिंग में? आपका नाम अभी तक लिखा है उस टेबल पे, चाकू से. हम उसी टेबल पे खड़े होते थे."

दिवाळीपासून अतुल ज्याच्यावर दात खात होता तो माणूस त्याच्याच टेबलाशी उभा राहून त्याच्यासारखाच बाहेर फेकला गेला होता, आणि बाजेवर बसून बिडी ओढत होता. अतुलला मनापासून लाज वाटली. कुणी तोंडात मारली असती तर हलकं वाटलं असतं.

"आंटी," तो अनोवाराला म्हणाला, "मुझसे गलती हुई. आप चलिए. माँ का कंधा उठता नहीं. चीक आज नहीं पका तो सब गया."

"ज़रूरत है तो ज़रूरत बोलो. एहसान के माफिक मत बोलो."

"ज़रूरत है. बहुत ज़रूरत है."

"गेट पे रोकेगा तो?"

"मैं आगे चलूँगा."

अनोवारानं भाताचं पातेलं उतरवलं, हात धुतले, डोक्यावरचा पदर नीट केला. सगळं सावकाश. त्याला ताटकळत उभं ठेवण्याचा तिला हक्क होता आणि तिनं तो पुरेपूर वसूल केला. मग शेफालीला हाक मारून ती निघाली.

गेटवर गार्ड आडवा आला. तो बिचारा दरभंग्याचा, त्याच्या घरी तरी कुठं फरीदाबादची सनद होती! "भैया, ऑर्डर है."

"ऑर्डर में मेरा भी हाथ था," अतुल म्हणाला. "मैंने नीचे कर लिया. खोलो."

आवाज जरा मोठाच निघाला. दोन-तीन खिडक्या उघडल्या. गार्डनं इकडंतिकडं बघितलं आणि छोटं फाटक ढकललं. पण तो खिशातून मोबाईल काढून छाबडांना लावायलाही विसरला नाही.

गच्चीवर रमाबाईंनी तोवर चुलाणं पेटवलं होतं. पातेल्यात आधणाला बुडबुडे येत होते, मीठ-हिंग पडलं होतं. चिकावरचं पिवळं पाणी ओतून झालं होतं आणि तळाशी लोण्यासारखा चीक बसला होता. अनोवाराला बघून त्या नुसतं म्हणाल्या, "आली? चल, दांडा धर." आणि अनोवारानं दांडा धरला. भावना चीक ओतू लागली, अनोवारा घाटू लागली. चीक आळायला लागला की हात थांबवायचा नसतो, थांबला की गुठळी झालीच. अनोवाराचे दंड दांड्याबरोबर फिरत होते, कपाळाचा घाम भुवयांवरून टपकत होता. पांढरं पातेलं हळूहळू काचेसारखं चमकायला लागलं.

त्याच वेळी जिन्यावर पावलं वाजली. पुढं छाबडा, मागं कमिटीचे सहा-सात जण, सगळ्यांत मागं तो व्हिडिओवाला भाडेकरू, हातात मोबाईल धरून. गच्चीवर पाय ठेवताच एकानं रुमाल नाकाला लावला.

"भाभीजी, ये क्या चल रहा है?" छाबडांनी विचारलं. "शिकायत आई है. ये बदबू, ये केमिकल..."

"गेहूँ है, भाईसाहब. कुरडई."

"कुर... क्या?"

रमाबाईंना कुरडईला हिंदी शब्द सापडेना. इतक्या वर्षांत तो कधी लागलाच नव्हता. 'पापड' म्हणावं तर पापड नव्हे, 'सेवई' म्हणावं तर सेवई नव्हे. त्या अडखळल्या, आणि त्यांचं अडखळणं बघून भाडेकरू म्हणाला, "देखा? नाम भी नहीं बता पा रहे."

"ओए सतीशे!"

आवाज पलीकडच्या गच्चीवरून आला. भिंतीवरून एक पांढरं डोकं वर आलं. छाबडांची आई, पंच्याऐंशीच्या पुढची, गल्लीभर तिला बीजी म्हणत. रोज सकाळी ती गच्चीवर पक्ष्यांना दाणे टाकायला येई. तिनं नाक वर करून वास घेतला, परत घेतला, आणि तिचे डोळे लहान मुलीसारखे चमकले.

"सतीशे, ए ते निशास्ता ए! मैं दो दिन तों सोचदी पई सां, ए खुशबू किथों आंदी ए!"

"बीजी, आप नीचे जाओ, ये कमिटी का..."

"चुप कर. तू जम्मया सी, तां चाली दिन मैं एही दा हलवा खादा सी." सतीशच्या वेळचं बाळंतपण तिनं याच हलव्यावर काढलं होतं म्हणे. मग ती सगळ्यांना समजेल अशा हिंदीत म्हणाली, "गेहूँ भिगो के, सड़ा के, उसका दूध निकालते हैं. निशास्ता. मेरी माँ टेंट में बनाती थी, जब हम उजड़ के उधर से आये. इधर के लोग नाक पकड़ के निकलते थे, कहते थे, ये रिफूजी पता नहीं क्या सड़ा के खाते हैं. यही रुमाल, ऐसे ही." तिनं नाकाला रुमाल लावलेल्याकडे बोट केलं. त्यानं रुमाल खिशात घातला.

भावनानं प्रसंग ओळखला. तिनं वाटीत गरम चीक काढला, वर दूध-साखर घातली आणि भिंतीवरून बीजींच्या हातात दिली. म्हातारीनं एक घास घेतला आणि डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, तेही तिनं पुसलं नाही.

छाबडा ओशाळले. माणूस वाईट नव्हता. आईपुढं तर नव्हताच. "सॉरी, सुखदेवजी. गलतफ़हमी हो गई. आप लोग तो अपने ही निकले."

सुखदेव गच्चीच्या कोपऱ्यात नातीचा हात धरून उभे होते. आयुष्यभर साहेबांपुढं मान खाली घालून फाइली फिरवलेला हा गृहस्थ. तो सावकाश म्हणाला, "छाबड़ा साहब, इतने साल बगल में रहा. आज जाके अपना निकला?"

छाबडांनी मधला रस्ता काढला, जसा माणसं काढतात. "चलो, आपका मामला साफ़ है. बस ये दो औरतें... नियम तो नियम है. ये नीचे चली जाएँ, बाकी आप अपना काम करो."

सगळ्यांचे डोळे अनोवाराकडे गेले. तिचा हात थांबला नाही, पण चेहरा दगडासारखा झाला. शेफालीनं सोऱ्या खाली ठेवला.

लपवण्यात अर्थ नाही, रमाबाईंच्या मनात क्षणभर आलंच: आपण सुटलो. हो म्हटलं की आजचा दिवस शांततेत जाईल. दुधाची रांग, गल्ली, सगळं परत जागच्या जागी. फार सोपं होतं. मग त्यांनी पातेल्यात पाहिलं. घाटा झाला होता, बरोब्बर झाला होता. आणि तो ज्या हातांनी झाला होता त्यांनाच जिन्यावरून खाली उतरवायचं? त्यांच्या छातीत असं काही उसळलं, की दुखऱ्या खांद्याचा हात आपोआप वर गेला.

"शेफाली, सोऱ्या उचल," त्या मराठीतच गरजल्या, आणि शेफालीला मराठी कळत नसूनही तिनं तो उचलला. मग छाबडांकडे वळून म्हणाल्या, "भाईसाहब, ये ठंडा हुआ तो पत्थर होता है. पंचायत बाद में करना. ये दोनों जाएँगी, तो हम सब भी बाहर के ही हैं, हमको भी नीचे उतारो. और नहीं, तो रास्ता छोड़ो. चादर पे पाँव मत रखना."

"और जिसका हाथ खाली है," अतुल आईच्या शेजारी येऊन म्हणाला, "वो प्लास्टिक का कोना पकड़ ले. हवा चल रही है."

पलीकडून बीजी ओरडली, "सतीशे, पकड़ कोना!"

आणि छाबडांनी कोपरा धरला. आता आई म्हणाल्यावर करतो काय माणूस! दोघे-तिघे पुटपुटत खाली गेले, भाडेकरूही गेला. उरलेले काय करावं न कळून उभे राहिले. उभ्या माणसाला रमाबाई काम सांगत नाहीत असं कधी झालेलं नाही.

सोऱ्यातून चकचकीत सुतं पडू लागली. अनोवारा भरे, शेफाली फिरवी, भावना गोल तोडी. एकामागून एक पांढरी चक्रं प्लास्टिकवर उमटत गेली. एक गच्ची भरली तशी बीजींनी आपली देऊ केली, मग पलीकडच्या घरचीही मिळाली. ऊन डोक्यावर येईपर्यंत तीन गच्च्या कुरडयांनी पांढऱ्या झाल्या होत्या. रमाबाई भिंतीला टेकून ते बघत राहिल्या. खांदा ठणकत होता, आणि इतका आनंद त्यांना लेकाच्या लग्नातही झाला नव्हता.

अनोवारानंच आधी पाहिलं. दुपारी ती पाणी प्यायला उठली आणि तिचा तांब्या तोंडाशीच थांबला. पश्चिमेकडे आभाळ पिवळं झालं होतं, खालून वर धूर चढावा तसं.

"दीदी! आँधी!"

अर्धवट वाळलेल्या कुरडयांवर धूळ बसली की संपलं. ती मग कशानंच निघत नाही. अनोवारा भिंतीवर चढली आणि गल्लीत वाकून असा गळा काढला, की झोपलेलं फरीदाबाद जागं व्हावं. "आँधी आ रहा है! चादर उठाओ! सब आओ!" समता तिच्यामागं, "आबा! आबा पळा!" कुणाला काय ऐकू आलं ते त्यांचं त्यांना माहीत, पण दारं उघडली. बायका वर धावल्या. छाबडा लुंगीवर आले. एक टोक त्यांच्या हातात आणि दुसरं अनोवाराच्या. "धीरे, साहब, धीरे! टेढ़ा मत करो!" ती हुकूम सोडत होती आणि कमिटीचे प्रधान तिच्या हुकमानं जिन्याच्या पायऱ्या उलटे उतरत होते. जे घर जवळ, त्यात चादर. दिवाणावर, सोफ्यावर, टेबलावर, पंख्याखाली. शेवटची चादर दाराआड गेली आणि आँधी गल्लीत शिरली. तासभर तिनं पत्रे बडवले, झाडं वाकवली. कुरडईला धुळीचा कण लागला नाही.

पुढची सकाळ निरभ्र उजाडली. ऊन कडक होतं. रात्री छाबडा जमिनीवर झोपले होते, कारण पलंगावर कुरडया होत्या. गल्लीतल्या सात-आठ घरांत तीच गत होती. त्या जागच्या हलवायच्या कशा, तुटू न देता उलटायच्या कशा, हे कुणालाच येत नव्हतं.

गेटवर गार्ड उभा होता. समोरून अनोवारा आणि शेफाली येताना दिसल्या, मागं अनोवाराचा नवराही, रिकाम्या पाट्या डोक्यावर घेऊन. गार्डनं खाकरून छाबडांच्या खिडकीकडं बघितलं.

"साहब, नाले पार वाले आये हैं. क्या करना है?"

खिडकीतून छाबडांचं विस्कटलेलं डोकं बाहेर आलं. "अरे, पूछता क्या है, बड़ा वाला गेट खोल! मेरी पीठ अकड़ गई है. इनको बोल, सबसे पहले हमारा पलंग खाली करें."

"हमारा सोफ़ा पहले!" समोरून कुणी बाई ओरडली. "मेहमान आने वाले हैं!"

मोठं फाटक करकरत उघडलं. गल्लीतली दारं एकेक करून उघडू लागली. रमाबाई आपल्या उंबऱ्यात उभ्या होत्या. बंदी कुणी उठवली नव्हती, तशी मीटिंगही झाली नव्हती, आणि ती घ्यायची आठवण आता कुणाला राहणार नव्हती. अनोवारा गल्लीच्या मधोमध येऊन थांबली. तिनं पाटी कमरेवर घेतली, दोन्ही बाजूंच्या उघड्या दारांवरून नजर फिरवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"बोलो दीदी, पहले किसके घर जाऊँ?"